कुंची, फुल साइझ

३ सप्टेंबर २००२, मंगळवार. सकाळ.

...तर कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत मी मागचं अंगण झाडून घेतलं होतं, नळाच्या तीन घागरी भरल्या होत्या, आणि हे दारात उभे राहून विचारत होते, धोतर वाळलं का. वाळलं होतं. दोरीवरून काढलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आठ हाती धोतराची घडी एकट्याने नीट होत नाही. दोघांनी ताणायचं, झटकायचं, मग मी चालत त्यांच्यापर्यंत जायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे यायचं. चौथ्या घडीला ते म्हणाले, काल सांबारात मीठ कमी होतं. त्या सकाळी दुसरं काही झालं नाही. आज चूल पेटवताना ती का आठवली, कळत नाही.

वही त्यासाठी उघडलेली नाही. एक निश्चय लिहायला उघडली.

लेकीला, शांभवीला, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची तारीख दिली आहे. पहिलटकरीण, तीही अमेरिकेत. ये म्हणाली होती. मी म्हटलं, घर कोण बघणार. घरात बघण्यासारखं मी एकटीच आहे, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तर बाळाची कुंची. आमच्यात पहिली कुंची आजोबांच्या जुन्या धोतराची असते आणि तिचं माप आजीच्या वितीने घेतात. उंची तीन वीत, रुंदी दोन वीत, कपाळावर चार बोटं उलटी घडी. शांभवीने फोनवर विचारलं, अप्पांचं धोतर आहे ना? मी सांगितलं, तेराव्यानंतर सगळी देऊन टाकली.

एक राहून गेलं आहे. मुद्दाम नाही. राहून गेलं.

पण जुन्या धोतराने काय होतं. दोन वर्षांत विरतं. निश्चय असा: कुंचीचं चित्र काढून वेबवर ठेवायचं. जगातल्या कुठल्याही आईने उघडावं, छापावं, कापावं. दहा दिवसांत संपवणार.

आमच्या तमिळ शाळेत देवनागरी नव्हती, ती मी चाळिसाव्या वर्षी माझी मी शिकले, सासऱ्यांच्या पोथ्यांवरून. आता घरात दुसरं कुणी वाचणारं नाही. शांभवी बोलते, वाचत नाही. वन्संना तमिळच वाचता येतं. तेव्हा इथे खरं लिहायला काही अडचण नाही.

५ सप्टेंबर. दुपार.

साईरामांकडे गेले. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तिचं आता इंटरनेटचं ब्राउझिंग सेंटर झालं आहे. सहा टाइपरायटर प्लास्टिक पांघरून भिंतीशी बसलेत आणि मध्ये दोन कॉम्प्युटर. शांभवी टायपिंग इथेच शिकली. साईराम बासष्ट वर्षांचे, अजून सगळ्यांना विद्यार्थीच समजतात.

म्हणाले, अंबुजाक्का, चित्र स्कॅन करून टाकू, पाच मिनिटांचं काम. मी विचारलं, मोठं केलं तर? म्हणाले, मोठं केलं तर फाटतं, चौकोन चौकोन दिसतात. मग आवाज खाली आणून म्हणाले, एक नवीन पद्धत आलेली आहे. मासिकाबरोबर सीडी मिळाली. रेघा चित्र म्हणून नाहीत, आकड्यांत लिहायच्या. कितीही मोठं करा, फाटत नाही. नाव स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स. मला अजून उघडून बघायला वेळ झाला नाही.

त्यांना वेळ झाला नाही म्हणजे त्यांना येत नाही. मी शिकणार. चाळीस पानांचा प्रिंटआउट घेऊन आले.

६ सप्टेंबर, शुक्रवार.

धोतर धुतलं. दर शुक्रवारी धुते. वापरात नसलेल्या कापडाला कसर लागते, म्हणून. वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण सरस्वती, समोरच राहतात. गॅलरीतून म्हणाल्या, अगो अंबुजा, कुणाचं गे धोतर वाळतंय? मी म्हटलं, पडद्याचं कापड आहे. त्या म्हणाल्या, पडद्याला काठ बरा आहे. आणि आत गेल्या.

घडी दाराच्या कडीला टोक अडकवून घालते. जमते. जरा तिरकी होते.

१० सप्टेंबर.

प्रिंटआउटची अकरा पानं वाचून झाली, डिक्शनरी मांडीवर घेऊन. एक गोष्ट फार आवडली. आकड्यापुढे इंच, सेंटीमीटर काही लिहिलं नाही तरी चालतं. नुसता आकडा लिहिला की तो युजर युनिट धरतात. युजर म्हणजे वापरणारा. म्हणजे मी. म्हणजे माझी वीत. ज्यांनी हे तयार केलं त्यांच्या घरीही शिवणकाम करणारं कुणी असणार.

उद्या फाइल लिहिते. विड्थ दोन, हाइट तीन. संपलं.

११ सप्टेंबर. दुपारी ३.

स्क्रीन पांढरा. काही दिसेना. साईरामांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, कोपऱ्यात धूळ आहे, आणि रुमालाने पुसली. पुसली जाईना. ती कुंची होती.

दोन आणि तीन म्हणजे दोन ठिपके रुंद आणि तीन ठिपके उंच, असं ह्या यंत्राला वाटतं. साईराम हसले नाहीत, पण शेजारच्या खुर्चीवर परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या बाई हसल्या.

१७ सप्टेंबर.

दहा दिवस होऊन गेले. दहा दिवस हे नुसतं बोलायचं माप असतं. नवीन मुदत: नवरात्राच्या आधी.

उपाय सापडला. व्ह्यूबॉक्स. त्यात सांगायचं की माझं जग केवढं आहे: शून्य, शून्य, दोन, तीन. मग विड्थ-हाइट गाळली तरी चालते, चित्र खिडकीभर पसरतं. हेच तर पाहिजे होतं.

पसरलं. सगळा स्क्रीन काळा. आत रंग भरू नको असं सांगितलं नाही तर काळा भरतात, आणि रेघेची जाडी सांगितली नाही तर एक धरतात. एक म्हणजे एक वीत. वीतभर जाडीची काळी रेघ, दोन वीत रुंद कुंचीला.

वन्सं नेमक्या आज बघायला आल्या होत्या. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, बाळाला काळी कुंची कुणी घालतं का गे? आणि साईरामांना म्हणाल्या, तुमच्याकडे दुसरा रंग नाही का. साईराम म्हणाले, आहेत, अक्कांना विचारा. वाटेत वन्सं एकच बोलल्या. कात्री गंजली का तुझी? मी म्हटलं, हे नवीन युग आहे वन्सं. त्या म्हणाल्या, परवाइल्ले. त्यांना 'चालू दे' म्हणायचं असतं तेव्हा तमिळ वापरतात.

कात्री गंजलेली नाही. तेल घालून ठेवली आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार.

धोतर धुतलं. कोपऱ्यात ड्रॉइंग इंकचा डाग आहे, तो वीस वर्षं तसाच आहे, आता निघायची आशा नाही. हे पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होते. ऑफिसात पँट, घरी धोतर. कालव्याचे नकाशे घरी आणून जमिनीवर पसरायचे आणि मी पोळ्या कडेकडेने फिरून वाढायची.

रेघ आता बारीक झाली. शून्य पूर्णांक शून्य दोन. सुंदर दिसते. कुंचीसारखी दिसते. हुडाची गोलाई तेवढी नीट नाही, सुपासारखी आहे.

साईराम म्हणाले, तुमचं डोकं सेंटरच्या कामाला लावलं असतं तर मी दुसरी शाखा उघडली असती. स्तुती होती की टोमणा, ठरवता आलं नाही. स्तुती धरते.

४ ऑक्टोबर.

झोप नीट नाही, म्हणून पहाटे उठते, उठते म्हणून काम पुरत नाही, काम पुरत नाही म्हणून दिवसातून दोनदा साईरामांकडे जाते. नियम करते: दिवसातून एकदाच. एक तासच. बसल्यावर उठायचं नाही.

आज तीनदा गेले. तिसऱ्यांदा छत्री राहिली म्हणून. छत्री घरी होती.

९ ऑक्टोबर.

नवरात्र लागलं. नवरात्रात बाहुल्या बसवायच्या पायऱ्या ह्या वर्षीही मांडल्या नाहीत, पेटीवर चार बाहुल्या ठेवल्या. मरप्पाचीची, म्हणजे नवरा-नवरीच्या बाहुल्यांची, लाकडी जोडी शांभवीबरोबर लग्नात दिली, तिची जागा रिकामी आहे. वन्सं आल्या, बसणं राहिलं बाजूला, पेटीकडे बघून म्हणाल्या, वेंकटराव असता तर पायऱ्यांचं माप घेत बसला असता, दर वर्षी तेच माप. खरं आहे. हे दर वर्षी घ्यायचे. म्हणायचे, लाकूड फुगतं.

सुंडलात, प्रसादाच्या चण्यांत, मीठ कमी झालं.

१४ ऑक्टोबर.

मोठी प्रगती आणि छोटी अडचण. खिडकी रुंद केली की कुंची मध्ये उभी राहते आणि दोन्हीकडे जागा रिकामी सुटते. मला ते पटेना. पाहुण्याला पाट दिला आणि तो अर्ध्यावर बसला, असं. प्रिंटआउटमध्ये एक शब्द सापडला, तो घातला की चित्र सगळी जागा भरतं. घातला. कुंची पापडासारखी पसरली. तीन वीत उंचीची कुंची बसकी आणि सहा वीत रुंद. साईराम म्हणाले, जुळी होणार आहेत का.

शब्द काढून टाकला. प्रमाण सांभाळायचं तर जागा रिकामी सोडावी लागते, असं पुस्तक सांगतं. सोडली.

२१ ऑक्टोबर.

वरुणराव भेटले. आमच्याच गल्लीतले, कॉलेजात शिकवायचे. मुलाकडे अमेरिकेला चाललेत, शांभवीच्या गावापासून मोटरने तासाभरावर. ७ नोव्हेंबरला संध्याकाळच्या गाडीने मद्रासला निघणार. म्हणाले, बाळासाठी काही द्यायचं तर द्या अंबुजाबाई, किलोभर चालेल. लोणचं नको, मागच्या वेळी माझे सगळे शर्ट आंबले.

मी सांगितलं, मी वेबवरून पाठवते आहे. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, कुंची. त्यांनी मान हलवली. शिकलेला माणूस न समजता मान हलवतो तशी.

दिवस शिल्लक: सतरा. तसा त्या तारखेशी माझ्या कामाचा काही संबंध नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.

वन्सं सकाळीच आल्या. धोतर दोरीवर होतं. आज पडद्याचं कापड म्हणाले नाही, त्यांनी विचारलंच नाही. काठ हातात धरून बघितला. म्हणाल्या, मऊ झालंय. अशाचीच चांगली होते. सात तारखेला वरुणराव जाणार. एका दुपारचं काम आहे, मी काजं करते.

मी म्हटलं, पान जवळजवळ तयार आहे वन्सं. फक्त माप बसवायचं राहिलंय.

त्या म्हणाल्या, माप तुझ्या हातात आहे गे. मी म्हटलं, तेच म्हणते, दोन दिवसांचं काम. त्या म्हणाल्या, पोदुम. म्हणजे पुरे. गेल्या. कॉफी घेतली नाही.

कडीला टोक अडकवलं, घडी घातली. आज कडी निसटली आणि अर्धं धोतर जमिनीवर आलं. परत धुतलं.

३० ऑक्टोबर.

शांभवीचा ई-मेल. तिच्याकडे पान उघडत नाही, रिकामा चौकोन आणि त्यात लाल फुली दिसते. साईराम म्हणाले, प्लग-इन लागतं, आपल्याकडे सीडीवरून घातलं होतं. हे मला दोन महिन्यांत कुणी सांगितलं नाही. साईराम म्हणतात, पहिल्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणला होता, त्यात गेलं असेल.

विश्वेश, आमचे जावई, प्लग-इन उतरवून घेणार आहेत. शनिवारी. त्यांना सगळं शनिवारीच जमतं.

१ नोव्हेंबर. सकाळ.

आज टेप घेऊन गेले आणि स्क्रीनवर लावून बघितला. काचेवर कुंची आठ इंचांची भरली. खरी चोवीस इंचांची पाहिजे. साईराम म्हणाले, अक्का, काचेवर डाग पडतात. मग म्हणाले, आठ इंचांची आहे की तुमची.

मी त्यांना समजावून सांगितलं. ह्याचं नावच स्केलेबल. जिथे उघडेल तिथे लागेल तेवढी होणार. इथे स्क्रीन लहान, म्हणून लहान. तिथे कागद आहे. साईराम म्हणाले, कागद तरी केवढा असतो. मी म्हटलं, अमेरिकेतले कागद मोठे असतात, तिथे सगळंच मोठं असतं. त्यांनी रुमालाने काच पुसली. पटलं असावं.

तरी ह्यांचं एक वाक्य आठवलं. खाली स्केल लिहिलं नाही तर ते चित्र, लिहिलं तर नकाशा. म्हणून कुंचीखाली इंग्रजीत लिहिलं: फुल साइझ. अक्षरांचं माप बसवायला दीड तास लागला, पहिल्यांदा एफ हे एकच अक्षर मावलं.

झालं. पूर्ण. दोन महिने, पण पूर्ण.

६ नोव्हेंबर.

दिवाळी परवा झाली. एक पणती.

सकाळी धोतर पेटीतून काढलं. उद्या जाणारं माणूस आहे, निदान घडी बघावी म्हणून. खाटेवर पसरलं. वीत ठेवून बघितली, एक, दोन, तीन. कात्री आणली. मग आठवलं, वरुणरावांना फ्लॉपी द्यायची आहे, आणि साईराम बारानंतर जेवायला उठतात. लगेच निघाले.

फ्लॉपी वरुणरावांच्या हातात दिली. पान वेबवर आहेच, पण फ्लॉपी असलेली बरी. त्यांनी ती उलटून बघितली. म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, वजन काही नाही. ते म्हणाले, अंबुजाबाई, कापड असतं तरी जागा होती. त्यांच्या सौ. आतून म्हणाल्या, सरस्वती अक्का सांगत होत्या तुम्ही कुंची देणार म्हणून, मी वरचा कप्पा रिकामा ठेवला.

मी म्हटलं, त्यातच आहे.

परत आले तर धोतर खाटेवर तसंच होतं. घडी घालून ठेवलं.

७ नोव्हेंबर. संध्याकाळी ६:२०.

गाडीची शिट्टी इथपर्यंत ऐकू येते. नेहमीच येते.

हलकं वाटतंय. काम वेळेत झालं. उद्यापासून नवीन निश्चय: टोपड्याचं पान.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

धोतर धुतलं नाही. मळलेलं नव्हतं.

वन्सं बोलत नाहीत. समोरून रसम आलं, पण मोलकरणीच्या हाती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

परवाची गोष्ट लिहायची राहिली. टोपड्याचं पान सुरू केलेलं नाही.

परवा, मंगळवारी, साईरामांनी कुणाच्या तरी हाती निरोप पाठवून मला बोलावलं. शांभवीचा ई-मेल होता, फोटोसकट. फोटो वरून खाली उलगडत आला. आधी भिंत. मग फडताळ. मग मरप्पाचीची बाहुली, आणि तिच्या डोक्यावर कुंची. पांढऱ्या उशीच्या अभ्र्याची, सुबक, कपाळावर उलटी घडी घातलेली. हनुवटीपासून खांद्यापर्यंत अगदी अंगासरशी बसली होती. साईराम म्हणाले, प्रमाण मात्र बरोबर आलं अक्का. मग म्हणाले, मी चहा सांगतो, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

ई-मेल साधा होता. आई, छापलं, कागदाएवढं आलं. लहान वाटलं, पण तू फुल साइझ लिहिलं होतंस, म्हणून तेवढंच कापलं. वाटलं, आधी नमुना करायची पद्धत असेल. विश्वेश म्हणतात फाइलमध्ये नुसते आकडे आहेत, दोन आणि तीन, एकक कुठेच नाही. मी म्हटलं, ती वीत असणार. मी माझी वीत लावून बघितली, माझी लहान पडते. विश्वेशची मोठी. आई, तुझी वीत किती इंच? इथे कुणाची धरू?

मी टेप पिशवीतून काढला. साईरामांच्या टेबलावर अंगठा टेकला, करंगळी ताणली. आठ इंच. उत्तरात आठ लिहिलं. पाठवलं नाही. परत मोजलं, पावणेआठ. परत मोजलं. साईराम चहा घेऊन आले आणि परत बाहेर गेले.

मग आठ खोडून दुसरं उत्तर लिहिलं. अप्पांचं एक धोतर आहे. मी खोटं सांगितलं होतं. पाठवलं.

घरी येताना वन्संच्या दारात थांबले. म्हटलं, उद्या वेळ आहे का. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. म्हणाल्या, दहानंतर. सकाळी माझं दूध उतू जातं.

दुसऱ्या दिवशी वन्संनी एक टोक धरलं, मी दुसरं. ताणलं, झटकलं, आणि मी धोतर कापलं. तीन वीत उंच, दोन वीत रुंद. शाईचा डाग आतल्या घडीत ठेवून कुंची शिवली, काजं वन्संनी केली. चार वाजता पोस्टात टाकली.